वरून खाली वाचणारे काका

कॉम्प्युटरने हात टेकावेत असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. काकांनी बत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या छाननी विभागात काढली. छाननी म्हणजे लोकांचे अर्ज वरून खाली वाचायचे, खोट काढायची आणि परत पाठवायचे. या कामात त्यांना इतकं सुख होतं की निवृत्तीनंतर ते लग्नपत्रिकाही तशाच वाचू लागले. माझ्या लग्नाची पत्रिका त्यांनी "मुहूर्ताची वेळ दोन ठिकाणी वेगळी, खुलासा व्हावा" असा लाल शेरा मारून माझ्या वडिलांकडे परत पाठवली होती. वडील ते अजून विसरलेले नाहीत.

असा हा माणूस पासष्टाव्या वर्षी प्रोग्रामिंग शिकायला बसला. त्याला कारण होतं. मावशीची नजर इतकी अधू झाली होती की तिला पेपर वाचता येईना, म्हणून काका तिला रोज सकाळी तो वाचून दाखवत आणि दर दोन बातम्यांनंतर "मूर्खपणा आहे" असा अभिप्राय देत. मग काकांच्याच घशात गाठ निघाली. ऑपरेशन दिवाळीनंतरचं ठरलं आणि आवाज राहीलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. त्याच्या आत पेपर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम काकांना स्वतः तयार करायचा होता. मी म्हटलं, "काका, फोनवर तयार अ‍ॅप असतं. पाच मिनिटांत लावून देतो." ते म्हणाले, "ते सगळं वाचतं. मी सगळं वाचत नाही." अपघात, आजार आणि श्रद्धांजलीचं पान ते मावशीला कधीच वाचून दाखवत नसत. दुसऱ्यांनी अर्जात काय गाळलंय ते शोधण्यात जन्म घालवलेला हा गृहस्थ घरी खुशाल बातम्या गाळत होता.

आता प्रोग्रामला वाचा फुटायची तर कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं एक मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचं पुडकं, नेटवरून आणून बसवावं लागतं. शिकाऊ माणसाला याला एक दुपार पुरते. काकांना सात रविवार लागले आणि ते सातही माझे होते. अंधेरीत आठवडाभर हेच काम करून मी रविवारी काकांचा फोन आला की मुलुंडला त्यांच्याकडे पुन्हा तेच करायला जायचो. इन्स्टॉलची आज्ञा पडद्यावर त्यासाठीच्या वेगळ्या काळ्या खिडकीत द्यायची असते, काकांनी ती प्रोग्रामच्या आत, वर शीर्षक असावं तशी, लिहून ठेवली होती. ती मी काढली. पुढच्या रविवारी बघतो तर कॉम्प्युटरवर चार पायथन, म्हणजे काकांचा प्रोग्राम ज्या भाषेत होता ती चारदा बसवलेली. नामंजूर झालेला अर्ज नव्याने सादर करावा हा त्यांचा जुना नियम, त्यामुळे एरर आली की ते अख्खं पायथनच नव्याने बसवत. मॉड्यूल जाऊन बसलं होतं एका पायथनमध्ये आणि प्रोग्राम चालत होता दुसऱ्यात. मी तीन पायथन उडवली, तर म्हणतात कसे, "उडवलेल्यांची नोंद घेतलीस का?" त्यांच्याकडे त्यासाठी वही होती. प्रत्येक एरर तारखेसह, क्रमांकासह, सुवाच्य अक्षरात उतरवलेली.

पण माझं डोकं फिरायचं ते त्यांच्या वाचण्याने. एरर आली की पडद्यावर दहा-पंधरा ओळी उमटतात. जाणकार माणूस शेवटची ओळ वाचतो आणि कामाला लागतो. मी कितीदा सांगितलं, "काका, शेवटचं वाचा, वरचा सगळा कचरा असतो." ते चष्म्यावरून बघत. "अर्ज काय शेवटून वाचतात?" आणि मग बोट पडद्यावर ठेवून पहिल्या ओळीपासून सुरुवात, फोल्डरच्या पत्त्यातल्या तिरक्या रेघांसकट. तोवर माझे दोन चहा व्हायचे. सोमवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी त्यांची नक्कल करायचो, आणि ती झकास जमायची.

चौथ्या रविवारी पायथन एकच उरलं, मॉड्यूलही त्यातच बसलं. तरी एरर. शेवटची ओळ म्हणे, या मॉड्यूलमध्ये बोलण्याची सोयच नाही. मी मॉड्यूल काढून पुन्हा टाकलं, जुनं टाकलं, नवं टाकलं. त्यात सातवा रविवार उजाडला आणि ऑपरेशन नऊ दिवसांवर आलं. शेवटी मी वैतागून म्हटलं, "मॉड्यूलच बिघडलंय. सोडा आता, अ‍ॅप घ्या." काका वही उघडून बसले.

मंगळवारी दुपारी ऑफिसात त्यांचा फोन आला. आवाज तेव्हाच खरखरीत झाला होता. "तुझा निष्कर्ष त्रुटीसह परत करतोय," ते म्हणाले. "एररची दुसरी ओळ वाच आणि मग चौथी. दोन्हीकडे पत्ता माझ्याच फाइलचा आहे. प्रोग्राम मॉड्यूल शोधायला निघतो आणि फिरून स्वतःकडेच येतो. तू बघितलं नाहीस?"

मी बघितलं नव्हतं. फाइलला विषयाचंच नाव द्यायचं या शिस्तीने काकांनी आपल्या प्रोग्रामला मॉड्यूलचंच नाव दिलं होतं. पायथन आधी शेजारीच शोधतं, तिथे त्याला त्या नावाची काकांची फाइल सापडत होती आणि ते तिलाच मॉड्यूल समजत होतं. ही नवशिक्यांची ठरलेली चूक. ऑफिसात नवीन आलेल्यांना मीच ती समजावून सांगतो.

"नाव बदललं. बोलतंय आता," काका म्हणाले आणि थोडं खोकून पुढे, "कॅन्टीनमध्ये हेही सांग." मावशीने त्यांना नकलेचं सांगितलं होतं, आणि मावशीला माझ्या बायकोने. मला खरोखर लाज वाटली.

ऑपरेशन नीट झालं, आवाज मात्र गेला. रविवारी आता फोन येत नाही. तो यावा असं मला कधी वाटेल, हे त्या सात रविवारांत कुणी सांगितलं असतं तर मी त्याचीही नक्कल केली असती.

गेल्या महिन्यात सकाळीच मुलुंडला गेलो. मावशी मेथी निवडत होती आणि कॉम्प्युटर सपाट आवाजात पेपर वाचत होता. उड्डाणपुलाचं काम पुन्हा लांबल्याची बातमी संपली. क्षणभर थांबून त्याच सपाट आवाजात यंत्र म्हणालं, "मूर्खपणा आहे."

"तुम्ही गप्प बसा हो जरा, पुढचं ऐकू दे," मावशी मान वर न करता म्हणाली.

काका समोरच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी लाल पेन उघडलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. एकच ओळ होती. "रोज असंच म्हणते."