टाके नकोत म्हणून

"केस कापावे लागतील का?" निशाच्या काकांनी पहिला प्रश्न हाच विचारला. मी ठाण्यात न्यूरोसर्जन आहे. हा प्रश्न मला नवा नाही.

निशा चोवीस वर्षांची, आंबिवलीची. फिट आली म्हणून एमआरआय केला, त्यात एव्हीएम निघालं. म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता. धमनीतलं जोरकस रक्त थेट शिरेत घुसतं, आणि तो ताण सोसला नाही की गुंता फुटतो. निशाचा गुंता लहान होता, वरच्यावर होता. ऑपरेशन करून काढला की विषय संपला असता. दुसरा उपाय रेडिओसर्जरी. बाहेरून नेमके किरण सोडायचे, चिरफाड नाही. पण गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तोवर फुटायची भीती तशीच.

हे सगळं मी काकांना सांगितलं. शेजारी वडील मान डोलावत होते. निशा बाहेर बाकावर. आमच्याकडे हीच रीत, पेशंट बाहेर आणि चर्चा आत.

"सर, पोरीला बघायला लोकं येतायत. डोक्यावर टाके दिसले तर कोण करेल तिला? ते किरणवालंच करा."

"माझा सल्ला ऑपरेशनचा आहे."

"पण किरणांनी बरी होते ना?"

"होऊ शकते. वेळ लागतो."

"मग झालं तर!"

निशाला आत बोलावलं. काकांनी बोट ठेवलं तिथे तिने सही केली. मग माझ्याकडे बघून ती काहीतरी विचारणार, तेवढ्यात काका म्हणाले, "चल गं, सरांना खोळंबवू नको." बाहेर ओपीडी तुंबली होती. मी पुढच्या पेशंटसाठी बेल दाबली.

किरण दिल्यापासून नवव्या महिन्यात गुंता फुटला. अर्धं डोकं भादरून मीच ऑपरेशन केलं. जीव वाचला, उजवा हात गेला. लग्न जमलं होतं, तेही मोडलं.

बोलता यायला लागल्यावर तिने एकेक शब्द जुळवत विचारलं, "तेव्हाच ऑपरेशन केलं असतं तर... हात राहिला असता?"

"बहुतेक."

"मला तेच करायचं होतं, सर."

काकांवर मी महिनाभर मनसोक्त चिडलो. मग एकदा तिची फाइल उघडली. 'पेशंटला सर्व पर्याय समजावून सांगितले', या छापील ओळीपुढे टिक होती. माझ्याच हाताची.

हल्ली मी आधी नातेवाइकांना बाहेर बसवतो. पेशंटशी एकट्याने बोलायला दहा मिनिटं पुरतात. ओपीडी काय, तशीही तुंबलेलीच असते.