इंजिनाच्या गळ्यातला हार

बाजारातून येता येता आमची पिकअप दारातच वाफा ओकू लागली. सुनेने समोरची जाळी दाखवली आणि मी हबकलेच. दसऱ्याला मी हौसेने बांधलेला झेंडूचा भरगच्च हार! वाळलेल्या पाकळ्या रेडिएटरला चिकटून बसल्या होत्या, वारा आत शिरणार कुठून?

सून म्हणाली, “आत्या, अजून थोडं तापलं असतं तर इंजिन जाम झालं असतं. आपला धंदाच बसला असता.”

देवा! ज्याच्यावर जीव, त्याचाच श्वास कोंडायचा, ही कसली माया? लग्नात मीही अशीच नटले होते. शालू, शेला, मानेभर हार घालून भर मांडवात चक्कर येऊन पडले आणि शुद्धीवर येताच मी येडीने विचारलं, “नथ सरळ आहे ना?”

इंजिन निवल्यावर सुनेने भीतभीत चावी फिरवली. ते खोकलं, अडखळलं, मग लागलं. मी हात जोडून पुढे झाले, तशी ती ओरडली, “आत्या, नमस्कार लांबूनच!”