दोरीआडचा प्रोजेक्टर

त्या संग्रहालयाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. कुंभकोणममध्ये रिक्षा त्या रस्त्याला लागली की मी मान फिरवते.

जुन्या सिनेमाच्या खेळांचा महोत्सव करायचाय म्हणून तिथले साहेब आमच्या घरी आले, तेव्हा कॉफी मात्र मीच दिली होती. आम्ही घरात जुनी तंजावरी मराठी बोलणारे, आणि आमचे अप्पा टुरिंग टॉकीजचे, गावोगाव फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमाचे ऑपरेटर. तिरुप्पनंदाळ म्हणा, मरुदानल्लूर म्हणा, जिथे तंबू पडेल तिथे अप्पा. तंबूचे दिवस संपले तेव्हा मालकाने प्रोजेक्टर त्यांनाच देऊन टाकला. आमच्या पुढच्या खोलीची निम्मी जागा त्याने खाल्ली होती. अम्मा गेल्यावर अप्पांशी न भांडणारं घरात तेवढंच एक उरलं होतं, कारण मी भांडते.

अप्पा यंत्र द्यायला तयार नव्हते. "पहिलं रीळ अय्या स्वतःच्या हातानं चालवतील," असं साहेबांनी अप्पांकडे बघून कबूल केलं, तेव्हा कुठे हो म्हणाले. मीही मागे लागले होते, खोटं कशाला सांगू? कागदावर सही माझी आहे.

यंत्र न्यायच्या आधी अप्पांनी जुन्या वेष्टीच्या, धोतराच्या मऊ तुकड्याने भिंग पुसलं, दातेरी चाकांना तेल घातलं. एका टाकाऊ पट्टीवर फिल्म चढवायचा सराव केला. यंत्र गेल्यावरही जेवता जेवता बोटं हवेतच फिल्म चढवायची, भात निवून जायचा.

महोत्सवाला तंबूसारखी वाळू पसरली होती आणि तिच्यावर खुर्च्या! तंबूत वाळूचा ढीग करून त्यावर उंच बसायचं असतं, हे यांना कोण सांगणार? प्रोजेक्टरला सोनेरी रंग फासून भोवती दोरी बांधलेली. सिनेमा लॅपटॉपवरून. "एवढं जुनं यंत्र, आग लागली तर? अय्यांना शाल देऊ की," साहेब हसत म्हणाले. आमच्या तोंडाला पानं पुसली आणि वर अप्पांच्या खांद्यावर शाल घातली. मी अप्पांना म्हटलं, चला घरी. ते म्हणाले, "आलों अहे, बघून जाऊं."

अंधार झाला. पडद्यावर चित्र आलं आणि स्पीकरमधून प्रोजेक्टरची घरघर सुरू झाली. जुना माहोल वाटावा म्हणून साहेबांनी कुठूनतरी मिळवलेला, कोणीतरी रेकॉर्ड करून भरलेला आवाज होता तो. थोड्या वेळाने घरघरीत खटखट मिसळली, तसे अप्पा ताडकन उठले.

"लूप सुटला! मेषीन थांबव! रीळ फाटेल!"

यंत्रात फिल्म थोडी सैल सोडावी लागते, तोच लूप. तो सुटला की फिल्मची भोकं फाटत जातात. आयुष्यभर त्या खटखटीवर झोपेतून उठलेला माणूस धावणारच. त्यांचा पाय दोरीत अडकला. रखवालदाराने दंड धरून "उक्कारुंग, उक्कारुंग" करत त्यांना खाली बसवलं. लोक हसले. एकीने मोबाइल वर धरला. आणि साहेब माईकवर म्हणाले, "पाहा, ऑपरेटरसुद्धा फसले! आमचा आवाज इतका अस्सल आहे."

मग मी तमिळमध्ये जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एक शब्दही मी परत घेत नाही. शाल साहेबांच्या टेबलावर फेकली आणि अप्पांना घेऊन बाहेर आले.

रिक्षात त्यांना लाज वाटत असेल असं वाटून मी म्हटलं, "अप्पा, तो नुसता भरलेला आवाज होता. तिथं रीळ नव्हतंच."

"कळलं मला," ते म्हणाले. "पण भरला तेव्हां तर होतं की. कोठंतरी खरंच लूप सुटला, आणि तो आवाज धरणारा ऐकत उभा राहिला, गे. मेषीन कोणी थांबवली नाहीं."