कशेळीची पुष्पा आणि आम्ही दोघी

भिवंडीत सकाळी घर लख्ख झाडावं आणि संध्याकाळी खिडकीच्या जाळीवर पुन्हा कापसाचं पांढरं तूस जमलेलं दिसावं, हे आम्ही जन्मभर पाहत आलो. कापड विणायचे लूम कुणाचे, आणि तूस आमच्या घरात! पुष्पाचे किस्से अगदी तसेच. उद्योग तिने करायचे आणि ते साठायचे माझ्याकडे. कितीही झाडा, आहेतच!

आम्ही तिघी. मी सुनंदा, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, आता रिटायर. दुसरी शाहिदा, तिच्या अब्बांचे घरामागच्या शेडमध्ये चार लूम होते. आणि तिसरी ही पुष्पा, कशेळीची, खाडीकाठच्या आगरी घरातली. पाचवी ते दहावी आम्ही एका बाकावर. शाहिदा मधे बसायची, कारण पुष्पाला खेटून बसून अभ्यास करायची ताकद आमच्यात फक्त तिच्याकडे होती.

पुष्पाच्या आवाजाचं आधीच सांगून ठेवते. शाळेच्या मागे लूमची शेड होती. दिवसभर खटखट, खटखट. आम्ही सगळ्याच त्यामुळे जरा मोठ्याने बोलायचो. पण पुष्पा बोलायला लागली की लूमवाला कामगार खिडकीशी येऊन विचारायचा, "क्या हुआ? किसको लगा?"

* * *

पुष्पा कशेळीहून बसने यायची आणि रोज उशिरा यायची. आमच्या वर्गशिक्षिका कडक होत्या. रोज तिला दारात उभं करायच्या.

"आज काय झालं?"

"बाई, खाडीला भरती आलेली."

बाई मूळच्या देशावरच्या. खाडी, भरती, यातलं त्यांना फारसं काही कळत नसे. बिचाऱ्या आत घ्यायच्या. असे बरेच दिवस गेले. शेवटी त्यांनी कुणाला तरी विचारलं असावं. दुसऱ्या दिवशी पुष्पा दारात आल्याबरोबर म्हणाल्या, "आज सकाळी ओहोटी होती. मी चौकशी केली आहे."

"व्हय बाई. ओहोटीच तर! होडी चिखलात रुतते ना."

"अगं, पण तू बसने येतेस!"

"म्हणून तर उशीर झाला, बाई!"

बाईंनी कपाळावर हात मारला. वर्ग हसत होता, शाहिदा वहीत तोंड खुपसून बसली होती आणि मला मात्र भयंकर राग आला होता. कारण त्याच दिवशी मी पाच मिनिटं उशिरा आले होते, खरं कारण सांगितलं होतं आणि शिक्षा मला झाली होती!

* * *

दहावीला पुष्पा इंग्रजीत आपटली. ऑक्टोबरला पुन्हा बसली, पुन्हा आपटली. मग तिची आई आमच्या घरी आली आणि माझ्या आईला म्हणाली, "तुमच्या सुनंदाला रविवारी पाठवा. माज्या पोरीला जरा शिकवील."

मी दर रविवारी कशेळीला जायला लागले. मी पुस्तक उघडायचे आणि पुष्पाची आई ताट वाढायची. चिंबोऱ्यांचं कालवण, तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील. मी एका हाताने चिंबोरी फोडत पुष्पाला भूतकाळाची रूपं सांगायचे. ती माझ्या ताटाकडे बघून म्हणायची, "आदी नांगी फोड गो, नांगीत मास जास्त ऱ्हातंय." आठ रविवारांत मी वजनाने वाढले, चिंबोरी खाण्यात तरबेज झाले. पुष्पाचं इंग्रजी होतं तिथेच!

तरी तिसऱ्या वेळी ती पास झाली. नेमके पस्तीस. तिच्या वडिलांनी असे पेढे वाटले की जणू ती बोर्डात पहिली आली होती. शाळेत हेडमास्तरांना पेढा द्यायला गेलो तेव्हा सर म्हणाले, "पुष्पा, एखादा मार्क तरी वर पाडायचास."

पुष्पा म्हणाली, "सर, पस्तीसला पास करत असताना छत्तीस पाडायचे म्हणजे उधळपट्टी ना!"

सर हसले. माझ्या शिकवणीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

* * *

मग ते वर्ष आलं, दंगल होऊन गावात कर्फ्यू लागला ते. त्या दिवसांबद्दल मी फारसं बोलत नाही. शाहिदाचा मोहल्ला आमच्या वस्तीला लागूनच, मधे एक गल्ली. पण तेव्हा ती गल्लीसुद्धा फार रुंद वाटायची. लूम बंद. भिवंडीत इतकी शांतता मी पहिल्यांदा ऐकली आणि तिची भीती वाटली.

चौथ्या की पाचव्या दिवशी दूध-भाजीसाठी दोन तास सूट मिळाली. मी नाक्यावर दुधाच्या रांगेत उभी. दुधाचा टेम्पो आला आणि ड्रायव्हरच्या शेजारून उतरली कोण? पुष्पा! हातात सुकटीची पिशवी.

"तू वेडी आहेस का?" मी ओरडलेच.

"तुमी दोघी हाव का गेलाव, ते बघाया आले."

"आणि परत कशी जाणार?"

तो विचार तिने केलाच नव्हता. एवढ्यात दोन तासांची सूट संपत आली. पोलीस काठी आपटत लोकांना घरी पिटाळू लागले. आमच्याजवळ येऊन एक हवालदार म्हणाला, "ए पोरी, कर्फ्यू लागलाय, कळत नाही का?"

पुष्पा म्हणाली, "मला न्हाय लागला. मी कशेळीची. कर्फ्यू भिवंडीत हाय!"

मी तिला दंड धरून ओढत गल्लीत नेलं. शाहिदाच्या घराचं दार बंद, खिडक्या बंद. दार ठोठावायला माझा हात होईना. त्या दिवसांत दार ठोठावलं की आतल्यांचा जीव जायचा. मी हळूच कडी वाजवावी की काय या विचारात होते, तोवर पुष्पाने तोंड उघडलं.

"शाहिदाऽऽ! जिती हायस का गोऽऽ?"

सगळ्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या. वरच्या मजल्यावरून शाहिदाचा आवाज आला, "आतापर्यंत होते. आता तुझ्या ओरडण्याने जाईन!"

आम्हाला आत घेतलं. शाहिदाच्या अम्मी पुष्पाला मिठी मारून रडल्या. मी मागच्या गल्लीतून घरी परतले, पण पुष्पा अडकली. दोन दिवस ती शाहिदाच्या घरी राहिली. अब्बा म्हणजे अतिशय कमी बोलणारा माणूस. त्यांना तिने खाडीतले मासे, त्यांचे स्वभाव, तिच्या आत्याचं भांडण, सगळं ऐकवलं. शेवटी कर्फ्यू उठल्याची बातमी आली, तेव्हा अब्बा पलंगाशी येऊन अदबीने म्हणाले,

"बेटी, कर्फ्यू उठला. आता तू पण ऊठ."

* * *

माझ्या लग्नाचं सांगते. पडघ्याहून स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, नाव प्रकाश. माझी आई दोन दिवस आधीपासून मला पढवत होती. कमी बोल, खाली बघ, विचारलं तेवढंच सांग. आणि मुख्य म्हणजे, "त्या पुष्पाला कळू देऊ नकोस."

पण कळलंच. पाहुणे बसले आणि पाठोपाठ पुष्पा, मागे शाहिदा. शाहिदाने माझ्याकडे बघून हात जोडले, म्हणजे मी थांबवायचा प्रयत्न केला होता.

मुलाच्या आत्याने विचारलं, "मुलीला स्वयंपाक येतो का?"

आई तोंड उघडणार, तेवढ्यात पुष्पा म्हणाली, "न्हाय येत. डाळ करपवते. पण ट्रंक कॉल लय पटकन लावते!"

आई आत निघून गेली. मला वाटलं, संपलं. पण मुलगा खो खो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, पुष्पानेच पाणी दिलं. आठ दिवसांत होकार आला.

आज इतकी वर्षं झाली. अजूनही माझ्या हातून काही करपलं की नवरा शांतपणे जेवतो आणि म्हणतो, "पुष्पाने आधीच सांगितलं होतं. आपली फसवणूक झालेली नाही."

* * *

पुष्पाने लग्न कशेळीतच केलं. माहेरून सासरी जायला तिला रिक्षासुद्धा लागली नाही. शाहिदाने केलंच नाही. ती दिघाशीच्या शाळेत शिक्षिका झाली, रोज जाऊन येऊन करायची. कुणी लग्नाबद्दल विचारलं की म्हणायची, "मला पुष्पा आहे. एक त्रास पुरे."

नव्वदनंतर कशेळीच्या शेतांवर गोडाऊन उभी राहिली, हातात पैसा आला आणि पुष्पाच्या घरी फोन आला. माझं नशीबच फुटलं! मी ट्रंक बुकिंगच्या टेबलावर, आणि ही तिथेच फोन करायची.

"बोला, कुठला नंबर हवाय?"

"नंबर कनाला? तूच पायजेस!"

"पुष्पा, मी ड्युटीवर आहे. ठेव."

"ठेवते. आज वांग्यात सुकट घातली, ती कशी झाली तेवढं ऐक."

रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला तरी तिचा आवाज शेजारच्या दोन टेबलांपर्यंत जायचा. एकदा आमचे सुपरवायझर मागे येऊन उभे राहिले. पुष्पा तिकडून वांगी चिरतेय, कांदा परततेय. सुपरवायझर खाली वाकले. मी रिसीव्हर ठेवणार, इतक्यात ते म्हणाले, "मॅडम, त्यांना विचारा, चिंच आधी घालायची की नंतर?"

* * *

सत्त्याण्णवच्या सुमारास शाहिदा आजारी पडली. आधी ताप, मग तपासण्या, मग ठाण्याचं हॉस्पिटल. डॉक्टर आमच्याशी बोलताना आमच्याकडे बघेनासे झाले, तेव्हा मला कळलं. पुष्पाला कळलं नाही, किंवा तिने कळून घेतलं नाही.

भेटायची वेळ संध्याकाळची. पुष्पा सकाळीच डबा घेऊन हजर. नर्स म्हणाली, "पेशंटला बाहेरचं चालत नाही."

"पेशंटला कोण देतंय? तुमच्यासाठी आणलंय!"

डब्यात जिताडा माशाचं कालवण. त्या दिवसापासून पुष्पाला वेळेचं बंधन उरलं नाही. मी ड्युटी संपवून, धापा टाकत, अगदी वेळेवर पोहोचायचे तर वॉचमन मला अडवायचा आणि ही आत कॉटवर मांडी घालून बसलेली! मी चिडायचे. शाहिदा उशीवरून क्षीण आवाजात म्हणायची, "सुनंदा, तू हिच्या नादी नको लागू. मला बरं व्हायचं असतं ना, तरी हिला कंटाळून मी गेले असते."

पुष्पा म्हणायची, "जाऊन तर बघ!"

पावसाळा संपता संपता एका सकाळी शाहिदा गेली. शेजारी पुष्पा होती. मला एक्स्चेंजमध्ये निरोप आला. मी थेट शाहिदाच्या घरी गेले. अम्मी माझ्या गळ्यात पडल्या. आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पुष्पा कुठे आहे?"

पुष्पा नव्हती. तासभर झाला, दोन तास झाले. मोहल्ल्यातल्या बायका विचारताहेत, अब्बा विचारताहेत. मी सांगितलं, येतेय, बसची अडचण असेल. दुपारच्या नमाजानंतर शाहिदाला घेऊन गेले. तरी पुष्पा नाही. जी कर्फ्यूत आली, ती आज नाही! संतापाने माझं रडूसुद्धा आटलं.

दुसऱ्या दिवशी मी कशेळीला गेले. ती अंगणात मासळी वाळत घालत होती.

"काल कुठे होतीस?"

"काम होतं."

"काम? काल? कसलं काम?"

"होतं एक," म्हणाली आणि बोंबील सारखे करत राहिली. मी पाणीसुद्धा न घेता परत फिरले.

* * *

पंधरा-वीस दिवसांनी अब्बा मला म्हणाले, "बेटी, शाहिदाचं शाळेत काही सामान असेल. मला तिथे जाववत नाही." मी दिघाशीला गेले.

दोन खोल्यांची शाळा. शाहिदासोबत शिकवणाऱ्या गुरुजींनी सामान काढून ठेवलं होतं. छत्री, चष्म्याचं घर, पाण्याची बाटली. मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या त्या कशेळीच्या ताई स्वतः निरोप घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, मला मातीला जायला हवं, पण मुलांना सोडून कसा जाऊ? निम्म्यांचे आईबाप शेतावर. तर त्या म्हणाल्या, तुम्ही जावा गुरुजी, मी बसते. संध्याकाळी मी परत आलो तेव्हा कुठे उठल्या."

दारात शाहिदाच्या वर्गातली मुलं गोळा झाली होती. त्यातल्या तिसरीतल्या एका मुलीला मी जवळ बोलावलं. दोन वेण्या, नाकात मुरणी.

"काय गं, त्या दिवशी त्या बाईंनी तुम्हाला काय शिकवलं?"

"काय न्हाय शिकवला," मुलगी म्हणाली. "नुसत्या रडत व्हत्या. मंग आमी त्यांना आमच्यात मधी बसवला, नि आमीच शाला घेतली."

मी छत्री उचलली. निघाले. मुलगी फाटकापर्यंत माझ्यामागे पळत आली.

"ओ बाय! त्यांना परत धाडा. त्यांना आठाचा पाढा अजून येत न्हाय!"