गेटबाहेरची समांतर सभा

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी लोखंडी गेट बसलं, त्यात माझाही हात होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जो आरडाओरडा केला तो वाचताना मी फार शहाणी वाटायला नको.

कोल्हापुरात सभा कशी चालते ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. साखर कारखाना असो, दूध संघ असो नाहीतर चाळीस घरांची कॉलनी, अध्यक्ष विषय वाचायला लागतात आणि वाक्य संपायच्या आत खालून गजर होतो, "मंजूर, मंजूर!" विरोधकांना माईक मिळत नाही. मग ते तावातावानं उठतात, बाहेर रस्त्यावर आपली वेगळी सभा भरवतात आणि तिला समांतर सभा म्हणतात. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन्ही सभांचे फोटो येतात. यात कुणाला काही नवल वाटत नाही.

मी वारणानगरकडच्या एका शाळेत तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. दरवर्षी मुलांची अभिरूप संसद भरवली. विरोधी पक्षाला बोलू द्यायचं असतं, प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं, हे पोरांकडून घोकून घेतलं. आणि गेल्या वर्षीच्या कॉलनीच्या सभेत मी काय केलं? कार्यक्रमपत्रिकेत शेवटचा विषय होता, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. त्याच्या पोटात अध्यक्षांनी गेट, कॅमेरे, खाजगी सुरक्षारक्षक आणि दर घरामागं सुरक्षा आकार एवढं सगळं एका दमात वाचून टाकलं. शेजारच्या गल्लीत नुकतीच एकीची साखळी ओढून नेली होती, त्यामुळं मनात भीती होतीच. शिवाय अध्यक्ष माझाच विद्यार्थी. शाळेच्या संसदेत मीच त्याला सभापती केलेलं. पोरगं कसं खणखणीत बोलतंय म्हणून मी कौतुकानं बघत होते. माझ्या तोंडात सभेत वाटलेल्या भडंगाचा, तिखट चुरमुऱ्यांचा, बकाणा होता. तशा तोंडानंच मी ओरडले, "मंजूर!"

गेट बसलं. गेटशेजारी पत्र्याची खोली आली आणि त्या खोलीत एक सुरक्षारक्षक. पन्नाशीचा, शेतकरी घरातला माणूस, अंगात दोन मापं मोठा निळा गणवेश. त्याच्यापुढं रजिस्टर. बाहेरून येणाऱ्यानं नाव लिहायचं, कुणाकडे आणि कशाला ते लिहायचं, आधार कार्ड दाखवायचं, वर कॅमेऱ्याकडं बघायचं. भांडी घासणाऱ्या बाया पहिल्या दिवशी हसल्या, दुसऱ्या दिवशी गप्प झाल्या. मी मात्र मनात म्हणत होते, असू दे, शिस्त आहे.

मग एका संध्याकाळी चाचा आला नाही.

चाचा म्हणजे आमचा दूधवाला. उचगावचा. रोज साडेपाचला दोन म्हशी घेऊन पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यावर उभा राहायचा. अठरा वर्षं तोच कोपरा. आम्ही घरातून स्टीलचे ग्लास घेऊन जायचो आणि तो आमच्या डोळ्यांदेखत धार काढून ग्लास फेसासकट भरून द्यायचा. तिथंच उभं राहून प्यायचं, ओठांवरचा फेस पुसायचा, जरा गप्पा मारायच्या आणि घरी यायचं. पिशवीतलं दूध आमच्याकडं फक्त पाहुण्यांच्या चहाला.

दुसऱ्या दिवशी मीच ग्लास घेऊन गेटपर्यंत गेले. चाचा गेटबाहेर, हायवेच्या कडेला म्हशी घेऊन उभा होता. ट्रकचे हॉर्न चाललेले. थोरली म्हैस डोळे फिरवत होती, शेपटी आपटत होती.

"आत का नाही आलास?"

"कार्ड दिलं, फोटू काडला, समदं केलं बाई," तो म्हणाला. "आता म्हनत्यात, मानूस चालंल, जनावर न्हाय. नवा नियम हाय."

"मग इथंच काढ धार."

"काडतोय की कालधरनं. लहानी कशीबशी देतीया. पर ही थोरली पान्हा चोरतीया. तिला तिची जागा पायजे. हितं तिचा जीवच थाऱ्यावर न्हाय." त्यानं माझा हात धरून कासेला लावला. कास ताठ आणि गरम होती. "लोक म्हनत्यात पान्ह्याची सुई टोच. सुईनं दूध काडायचं असतं तर मी हा धंदा केला नसता बाई. आनि अशीच तटून ऱ्हायली तर सड जाईल बगा तिचा."

मी रिकामा ग्लास घेऊन घरी आले. वाटेत स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की त्या इथं लिहिता येणार नाहीत.

त्याच आठवड्यात दुपारी मी टीव्हीवर संसद बघत होते. निवृत्त झाल्यापासून तो माझा नाद आहे. इतरांच्या मालिका, माझी संसद. सरकारनं लोकांच्या फोनवर आणि चेहऱ्यांवर किती नजर ठेवावी यावर चर्चा होती. विरोधक ओरडत होते आणि सत्ताधारी बाकांवरून कुणीतरी शांतपणे विचारलं, ज्याला काही लपवायचं नाही त्याला भीती कसली? मी स्वयंपाकघरातलं टेबल बडवलं आणि एकटीच "शेम, शेम" म्हणाले. दोन दिवसांनी मी अध्यक्षांच्या घरी चाचाचं गाऱ्हाणं घेऊन गेले, तर तो सोफ्यावर टेकून अगदी तेच म्हणाला.

"बाई, ज्याला लपवायचं काय न्हाय त्यानं कॅमेऱ्याला का भ्यायचं? आनि म्हशीचं म्हनाल तर शेन कोन काडनार?"

"शेण अठरा वर्षं चाचाच काढतोय. बादलीत भरून घेऊन जातो. तू लहानपणी गुडघाभर शेणात खेळलायस, मला सांगू नकोस."

तो हसला. मग प्रेमानं मोबाइल पुढं केला. "तुमची काळजी हाय म्हनूनच हे समदं. ह्ये बघा. त्या पयल्या सांजच्याला तुमी दोनदा दार उघडून बाहेर बघितलंसा. चाचाची वाट बघत हुतासा न्हवं?"

मोबाइलवर मी होते. गाऊनवर टॉवेल टाकलेली, केस मोकळे, हातात ग्लास. माझ्याच दारात. मला आधी लाज वाटली. आणि मग इतका राग आला की चहाचा कप तसाच ठेवून उठले. माझ्या दारातली मी याच्या खिशात कशाला?

सोमवारी मी महापालिकेच्या घरफाळा विभागात गेले. इतकी वर्षं घरफाळा वेळेवर भरते, तर रस्ता कुणाचा ते तरी कळू दे. तिथल्या कारकुनानं दोन कपाटं उपसून कॉलनीचा मंजूर नकाशा काढला आणि बोट ठेवलं. "रस्ता सार्वजनिक हाय बाई. टाकीजवळची जागा बी. कुनाला अडवता यायचं न्हाय." मी नक्कल घेतली आणि बाहेर येऊन पायरीवरच ती चारदा वाचली.

पुढच्या दिवशी पाच वाजता कॉलनीच्या हॉलमध्ये विशेष सभा होती. विषय एकच, सुरक्षा आकार आता घराच्या क्षेत्रफळाप्रमाणं लावायचा आणि जो भरणार नाही त्याचं नाव गेटवरच्या फळ्यावर लिहायचं. मी पहिल्या रांगेत बसले. या वेळी भडंगाला हात लावला नाही.

"अध्यक्ष महोदय, माझा प्रश्न आहे. ज्या रस्त्यावर गेट आहे तो रस्ता..."

माईक बंद झाला.

"बाई, बसा की. विषय वाचून झालाय."

"सभापतीनं आधी विरोधकाला बोलू द्यायचं असतं. तुला मीच शिकवलंय ते!"

मागून गजर झाला, "मंजूर, मंजूर!" माझीच शेजारीण, जिच्या नातवाला मी फुकट शिकवते, तीही ओरडत होती. तिच्या तोंडात भडंग होतं.

मी नकाशाची गुंडाळी काखेत मारली आणि म्हणाले, "समांतर सभा, गेटवर!" आणि चालायला लागले. मागं वळून बघितलं तर दुधाचे ग्लास हातात घेऊन चौघंजण आले होते. चाळीस घरांतून चौघं. मला रडू येईल असं वाटलं, पण चालता चालता रडण्याइतका वेळ नव्हता.

गेटबाहेर थोरली हंबरत होती. नेहमीचं हंबरणं नव्हतं ते. चाचा तिच्या पाठीवर हात फिरवत उभा होता.

मी सुरक्षारक्षकाच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले, नकाशा उघडला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. वर्गातला आवाज अजून शाबूत आहे, तो टाकीपर्यंत जातो. रस्ता सार्वजनिक. कोपरा सार्वजनिक. चौघांनी रिकामे ग्लास गेटच्या गजांवर बडवले, संसदेत बाकं वाजवतात तसे. आवाजानं घरांची दारं उघडली. हॉलमधूनही काही माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

सुरक्षारक्षकाचं लक्ष मात्र माझ्याकडं नव्हतंच. तो म्हशीच्या कासेकडं बघत होता. "कास सुजून दगडी हुईल की तिला," तो पुटपुटला. मग माझ्याकडं वळला. "बाई, रस्ता खरंच समद्यांचा हाय?"

"कागद आहे माझ्या हातात."

"मग मी हितं कुनाला अडवाय बसलोय?"

त्यानं कडी काढली. गेट सताड उघडलं. थोरलीला कुणी हाकललं नाही, ती आपण होऊन चालत गेली, टाकीजवळ जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली. चाचानं कास धुतली, कपाळ तिच्या कुशीला टेकवलं. बराच वेळ काहीच नाही. मग चरवीच्या बुडात पहिली धार वाजली.

तेवढ्यात अध्यक्ष धावत आला. "बाई, ह्याची नोकरी जानार आता. कॅमेऱ्यात आलंय समदं."

मी रजिस्टर उचललं. नाव माझं. कुणाकडे, तिथं लिहिलं, थोरल्या म्हशीकडे. कशाला, तिथं लिहिलं, गेट मी उघडायला लावलं. हॉलमधून आलेल्या शेजारणीनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि मान खाली घालून तिचं नाव लिहिलं. मग तिच्या मागच्यानं. रांग लागली.

"आता ठराव," मी म्हणाले, "हे गेट काढून टाकावं आणि ह्या माणसाला..."

"मंजूर, मंजूर!" सगळे ओरडले.

"गप्प बसा!" मी परत खुर्चीवर चढून ओरडले. "आधी पुरता ऐका. ह्या माणसाला नोकरीवरून काढू नये आणि कुणाच्याही दाराकडं कॅमेरा नसावा. कळला? प्रश्न असतील तर विचारा. विरोध असेल तर अध्यक्षांनी आधी बोलावं."

अध्यक्ष नकाशाकडं बघत राहिला. मी मनात शंभर मोजले, वर्गात मोजायची तसे.

"आता मत द्या. तोंडानं नको, हात वर. कॅमेऱ्याला दिसतील असे."

हात वर गेले. चाचाचा एक हात कासेला होता. त्यानं दुसरा वर केला.