डांबरगोळ्यांचा वास

मालवणच्या बाजूच्या त्या रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात नवीन माणूस आलं, की त्याला आधी एकच गोष्ट सांगतात. संचिता सिस्टरच्या तोंडी लागू नको. मसुऱ्याची ही बाई एकदा भडकली की समोर डॉक्टर आहे की नातेवाईक, हे बघत नाही. रॉकेल प्यायलेलं किंवा काजूवरचं फवारणीचं औषध तोंडात घातलेलं पोर आलं, की तिचं डोकंच फिरतं. सलाईन लावता लावता ती आईबापांची खरडपट्टी काढते आणि मग त्याच पोराच्या उशाशी ठाण मांडून बसते.

गेल्या पावसाळ्यात आचऱ्याची कैनात आपल्या तान्ह्या आकिबला घेऊन आली. बाळ हळदीसारखं पिवळं, लघवी कोऱ्या चहासारखी काळपट. तपासणीत कळलं, की रक्तातलं एक द्रव्य त्याला जन्मतःच कमी आहे. अशा मुलाला डांबरगोळ्यांचा वास बाधतो, तांबड्या पेशी फुटायला लागतात. आणि बाळ तर त्याच वासात गुंडाळलेलं! पहिली दुपटी आजीच्या जुन्या, मऊ साडीची, हा घरचा रिवाज. कैनातची सासू रुकय्या हिने डांबरगोळ्या टाकलेल्या ट्रंकेतली साडी काढून ती शिवली होती.

"चाचीनू, ह्यो वास तुमका येना नाय?" संचिता भर वॉर्डात कडाडली. "नातवाक इखात गुंडाळून हाडलास तुमी!"

रुकय्याचाचीने आपली सगळ्यांत जपलेली साडी नातवासाठी फाडली होती. ते ऐकून घ्यायला संचिताला सवड नव्हती.

रक्त चढवलं, निळ्या दिव्याखाली ठेवलं, तसा बाळाचा पिवळेपणा उतरला. दिवा काढला, बाळाला पुन्हा गुंडाळलं. आता घरी सोडायचं ठरत होतं, तेवढ्यात लघवी पुन्हा काळी झाली. पुन्हा रक्त चढवायची पाळी आली. एवढ्याशा जिवाला ते झेपेल का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात.

संचिता थेट चाचीवर धावली. "परत तीच दुपटी हाडलास?"

"माझा काय एक नाय हयां," चाची म्हणाली. "बाळाच्या अंगार आसा ता तुमचाच."

संचिताने बाळाला गुंडाळलेलं ब्लँकेट ओढून नाकाला लावलं. तोच वास. वॉर्डातल्या कपाटातलं ब्लँकेट. दर पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून त्या कपाटात मूठमूठ गोळ्या टाकायची पद्धत होती, आणि कपाटाचा तो वास वर्षानुवर्षं इतका अंगवळणी पडला होता, की तिथे तो येतो हे तिच्या ध्यानातच येत नसे. तिने बाळाला धुतलेल्या सुती चादरीत घेतलं, डॉक्टरांना हाक मारली आणि कपाटातली सगळी ब्लँकेटं बाहेरच्या पडवीत फेकली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

आकिबला पुन्हा रक्त चढवलं आणि ते त्याला झेपलं. लघवी निवळली, तेव्हा कुठे संचिता चाचीसमोर जाऊन उभी राहिली.

"चाचीनू, चूक आमची. माका माफ करा."

चाचीने बाळाची चादर सारखी केली.

"माफ करतंय," ती म्हणाली. "पण जेवढ्या मोठ्यान माझ्यार आराडलंस ना, तेवढ्याच मोठ्यान आता हयां सगळ्यांसमोर सांग, चूक कोणाची ती."

संचिता वॉर्डाकडे वळली आणि तेवढ्याच मोठ्याने तिने सांगितलं.