अकरा कोरड्या जागा

कुणी भूतबाधा म्हटलं की मी आधी ताप किती आहे ते विचारते. नर्सिंगमध्ये सव्वीस वर्षं काढली... जे घडलं ते वेळेसकट वहीत लिहायचं, बाकी विश्वास कशावरच नाही. हेही वहीत आहे, म्हणूनच सांगतेय.

१९९७चा पावसाळा, मुलचेरा तालुक्यातलं आमचं आरोग्य केंद्र. दुपारी सव्वाबाराला एका आईने आपल्या मुलीला जंगलातल्या गावातून खाटेवर आणलं. रुखमी, वय एकोणीस, तापाने बेशुद्ध. मलेरियाच. नाल्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं; गडचिरोलीला हलवणं बंद. क्विनाइन सलाइनमधून देणं एवढंच हातात होतं.

डाव्या हाताची नस मिळाली, सुई आत गेली – नळीत रक्त येईना. उजवा हात, तेच. पाय, तेच. डॉक्टरांनीही दोनदा टोचून पाहिलं. शॉकमध्ये नसा बसतात हे मला माहीत आहे, पण तिची नाडी लागत होती! मलेरियाच्या तपासणीच्या स्लाइडसाठी बोट टोचलं, पिळलं... थेंब नाही.

रुखमीचे दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले.

"हे गोंदलं तवा लय रक्त आलं होतं," आई म्हणाली. "गोंदणारी त अडाणी होती. तू त शिकेल आहेस, मंग तुले काऊन जमून नाई राह्यलं, सिस्टरबाई?"

"जमेल मावशी. हात धरा."

"धरूनच त आहो ना मी!"

अकरा जागा टोचल्या. शेवटी मांडीत इंजेक्शन दिलं. तीन वाजून दहा मिनिटांनी ती गेली.

चारला मी अंग पुसायला घेतलं. मनगटावर लाल थेंब. पुसला, परत आला. मग कोपर, पाऊल, बोट... अकराही जागांतून ताजं, पातळ रक्त. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. नाडी नाही, श्वास नाही.

आईने माझा हात घट्ट धरला. "आलं ना रक्त! आता लाव सुई. लवकर लाव!"

आणि मी... लावली. पहिल्याच वेळी नळीत रक्त चढलं. बाटली सुरू केली. थेंब नीट पडत होते. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

पाव बाटली गेल्यावर आईनेच लेकीच्या गालाला हात लावला.

"राहू दे बाई. थंडी पडली ते."

मेल्यावर कधीकधी रक्त झिरपतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. असेल. पण मग जिवंतपणी ते कुठे होतं? बऱ्याच जणांना विचारलं. मला अजून कुणी सांगितलेलं नाही.